लग्नघरात काही संपत नाही

भीमरावमामांच्या घरात गेल्या पन्नास वर्षांत कोणतीही गोष्ट संपलेली नाही. तांदूळ संपत नाहीत, ‘वाढतात’. काप्पीची, म्हणजे कॉफीची, पूड वाढते. गॅसचा सिलिंडर वाढतो. हातातून पडलेली काचेची बरणी फुटत नाही, तीसुद्धा वाढते. थोडंफार हे आपल्या सगळ्यांच्याच घरी असतं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण मामांच्या मोबाईलची बॅटरी वाढते. स्टॉपवर पोचेपर्यंत दुपारची टाऊन बस वाढलेली असते. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सायकलवाल्याचा धंदा बसला तेव्हा मामा हळहळून म्हणाले, “बिचाऱ्याचं दुकान वाढलं.” ते ऐकून शेजारचे एक गृहस्थ त्याचं अभिनंदन करायला गेले होते.

मामा लग्नाचे आचारी. वय चौऱ्याहत्तर, नाव भीमराव आणि अंगाने इतके वाळके की सदरा दोरीवर टांगल्यासारखा दिसतो. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तंजावूर, पापनाशम, कुंभकोणमच्या पंगती रांधल्या. लग्नाच्या स्वयंपाकघरात ‘संपलं’ हा शब्द कुणी उच्चारला तर मामा त्याच्या हातातला झारा काढून घेत. “लग्नघर अहे हे. शुभ बोल!” पुढे लग्नं थांबली, सवय थांबली नाही. मामांच्या लेखी आता जग हेच एक लग्नघर आहे.

(आमची तंजावरी मराठी मी इथे बरीच सोपी करून लिहिते आहे. जशीच्या तशी लिहिली तर महाराष्ट्रातला वाचक दुसऱ्या ओळीला पान मिटेल. मी नर्सिंग मिरजेला शिकले, म्हणून मला दोन्हीकडची येते. या प्रकरणात त्याचा काही उपयोग झाला नाही, ते पुढे कळेल.)

मामांनी जन्मात विडी ओढली नाही. पण पंचेचाळीस वर्षं चुलाणाचा धूर ओढला आणि तो फुफ्फुसात जाऊन बसला. सीओपीडी म्हणतात त्याला. हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो. आणि तो मोठा चोरटा असतो. एका दिवसात माणूस आडवा होत नाही, दर आठवड्याला थोडा थोडा घसरतो आणि त्या घसरणीची त्याला सवय होते. आधी देवळापर्यंत जाणं सुटतं, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग न्हाणीघरापर्यंत जायलाही मध्ये टेकावं लागतं. तरी विचारलं की म्हणतो, बरं आहे.

म्हणून आमच्या छातीच्या दवाखान्यात आठ प्रश्नांचा एक कागद आहे. खोकला, कफ, झोप, चढताना लागणारा दम, घरातली कामं, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे असह्य. दर मंगळवारी मी फोन करून तेच आठ प्रश्न विचारते आणि बेरीज मांडते. मागच्या आठवड्यापेक्षा बेरीज चढली की पेशंटला बोलावून घ्यायचं. औषध संपत आलं असेल तर तेही याच फोनवर सांगायचं, मग ते घरपोच जातं. साधी पद्धत आहे. वेळेवर कळलं तर माणूस वाचतो. मी वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. नळ्या घालून जे साधत नाही ते या कागदाने साधताना मी पाहिलं आहे.

मामांशी मात्र पहिल्याच मंगळवारी गाडी अडली.

“खोकला किती, मामा? शून्य ते पाच.”

“शून्य नको, सिस्टरबाई. शून्य अशुभ.”

“शून्य म्हणजे चांगलं हो. म्हणजे खोकला नाही.”

“कळलं मज. पण लग्नघरी शून्य कैसं म्हणायचं? एक लिवा.”

“म्हणजे खोकला आहे थोडा?”

“खोकला नाही. एक शुभ अहे म्हणून एक.”

मी बाजूला शेरा लिहिला: ‘यांचा एक म्हणजे शून्य.’ बेरीज आठ झाली. ती ऐकून मामा म्हणाले, “आठ नको, नऊ करा.” मी केली नाही.

चौथा प्रश्न चढाचा. त्यालाही पहिल्यांदा शुभ म्हणून एक मिळाला होता, पुढच्या मंगळवारी मात्र तो अडला. चढावर किंवा जिना चढताना दम किती लागतो?

“तंजावुरात चढ कोठ अहे?” मामांनी विचारलं. “इथं कावेरीसुद्धा विचारून विचारून वाहते, कुठल्या बाजूला जाऊ म्हणून.”

“मग जिना?”

“घर एकमजली.”

“अंदाजाने सांगा.”

अंदाजाने! मामांनी हजार पानांच्या पंगतीतही मीठ कधी अंदाजाने घातलं नव्हतं. फोनवर त्यांनी विषय बदलला आणि शनिवारी पापनाशमच्या पुढे बसने स्वामीमलैला गेले. तिथल्या देवळाला साठ पायऱ्या आहेत, एकेका संवत्सराच्या नावाची एकेक पायरी. पुढच्या मंगळवारी उत्तर तयार होतं.

“लिवा, सिस्टरबाई. युवापर्यंत काही नाही. ईश्वरला थोडा दम. विक्रमला बसलो.”

मी पंचांग काढून मोजलं. विक्रम म्हणजे चौदावी पायरी. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, इतकं नेमकं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. मी मामांना मात्र रागावले. “एकट्याने कशाला गेलात? वाटेत काही झालं असतं तर?”

“शुभ बोला,” मामा म्हणाले. “रुक्कु होती संगं.”

रुक्कु म्हणजे रुक्मिणीमामी, त्यांची बायको. ठेंगणी, गोल, आणि मामांपेक्षा दुप्पट वेगाने बोलणारी. फोन स्पीकरवर असतो आणि मामी मागून उत्तरांवर टीका करत असतात. “झोप एक म्हणून सांगतात! मध्यान्हीला घोरतात ते कोण, त्यांचे तात्ता?” (तात्ता म्हणजे आजोबा.) मामा म्हणतात, “तू गप. परीक्षा माझी अहे.”

असे दीड वर्ष मंगळवार गेले. खरं सांगायचं तर यादीतल्या एकोणतीस पेशंटमध्ये मी मामांचा नंबर मुद्दाम शेवटी ठेवत असे. सगळ्यांचे खोकले ऐकून झाल्यावर तो फोन बरा वाटायचा. प्रश्न आठ असले तरी मामा नववा स्वतः विचारत. “सिस्टरबाई, काप्पी झाली?” मी “झाली, झाली” म्हणून फोन ठेवायची.

या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, वेळी भोगीला रिवाजाप्रमाणे गल्लीगल्लीतून जुन्या चटया, केरसुण्या, आणि ज्यांना अक्कल नाही त्यांनी टायरसुद्धा जाळले. दोन दिवस गाव धुरात होतं. आमच्या दवाखान्यात रांग लागली आणि डॉक्टरांनी निम्म्या पेशंटांचे डोस वाढवले. त्यानंतरच्या मंगळवारी मी मामांना फोन केला.

“पंप कसा चाललाय?” पंप म्हणजे तोंडात ओढायचं औषध.

“पंप वाढला, सिस्टरबाई.”

“वाढला? कोणी वाढवला?”

“कोण वाढवणार? आपोआप वाढला.”

दिवसभर मी ‘डोस वाढवला’ हेच लिहीत होते. तेच इथेही लिहिलं. म्हातारा माणूस आहे, कोणी वाढवला ते आठवत नसेल. पुढचा प्रश्न.

त्याच्या पुढच्या मंगळवारी आवाज बारीक वाटला. मी विचारलं, “दम कसा आहे?”

“दम वाढला.”

आता ‘दम’ हा शब्दच वाईट आहे. दम लागतो तोही दम आणि अंगात असतो तोही दम. मी विचारलं, “चांगल्या अर्थाने ना?”

“आमच्या घरी सगळं चांगल्याच अर्थी,” मामा म्हणाले.

मी एक लिहिला. त्या दिवशी मामी मागून काही बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन मी काही केलं नाही, तेही लिहून ठेवते.

शुक्रवारी एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. पंगतीत बसले. दह्यातली डांगर पच्चडी चांगली झाली होती, म्हणून वाढप्याला हाक मारली. चाळीस वर्षं याच गावात वाढप करणारा माणूस, केस पिकलेले. त्याने मला बादली तिरकी करून दाखवली. बादलीचा तळ दिसत होता.

“वाढली, अक्का,” तो म्हणाला.

मी त्या बादलीत बघत राहिले. पंप वाढला. दम वाढला. पंप वाढला त्याला दहा दिवस झाले होते.

भरल्या पानावरून उठू नये म्हणतात. मी उठले. हात कसाबसा धुतला आणि रेशमी साडी खोचून स्कूटरला किक मारली.

मामा ओसरीवर खुर्चीत पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते. ओठ जांभळे. शेजारच्या स्टुलावर पंप होता, त्याच्या पाठीवरच्या खिडकीत उरलेल्या डोसांचा आकडा असतो, तो शून्य होता. मामांनी त्यावर कुंकवाचं बोट लावून तो झाकला होता, मी पुसून पाहिला.

“दोन मंगळवार सांगतात कीं!” मामी माझ्यावर बरसल्या. “पंप वाढला, दम वाढला. तुम्ही म्हटलंत सरि, बरं. आम्ही समजलो औषध येतं अहे. वाट बघत बसलो!”

“मामी, तुम्ही तरी ‘संपला’ म्हणायचं होतं!”

“मी?” मामींनी देवाची माफी मागावी तशी दोन्ही गालांवर बोटं टेकली. “त्यांच्या श्वासाच्या औषधाला? मी?”

दोष त्या दोघांचा नव्हता. त्यांनी सांगितलं होतं. माझ्याच आईच्या घरात तांदूळ जन्मभर वाढत आले. वीस वर्षं कागद भरता भरता माझेच कान बिघडले होते.

ऑटो बोलावली. मामांना दोन शब्द एका श्वासात बोलता येत नव्हते. तरी उंबऱ्यावर थांबले, मागे वळले आणि मामींना म्हणाले, “येतो.” आणि जागेवरून हलेनात. मामी आत पळाल्या होत्या चप्पल आणायला. त्या आल्या, “बरं, या” म्हणाल्या, आणि मग स्वतःही त्याच ऑटोत चढल्या. तेवढ्या वेळात माझंच रक्त दोनदा आटलं.

ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शनं, सगळं झालं. पहिला दिवस आणि रात्र मी काही खात्रीने सांगू शकत नव्हते. मामी विचारत होत्या आणि मी म्हणत होते, “बघू.” शुभ बोलायला मलाही जमेना. रविवारी सकाळी ओठांचा रंग परतला.

त्यानंतर आमच्या कागदात एक बदल झाला आहे. प्रश्न विचारायच्या आधी प्रत्येक पेशंटला मी विचारते की तुमच्या घरात औषध संपलं की काय म्हणता. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक आजी म्हणतात, “गोळ्या गावाला गेल्या.” एक गृहस्थ म्हणतात, “डबी हसते.” ते सगळं मी नावापुढे लिहून घेते. त्यानंतर दोघांची औषधं वेळेवर पोचली, नाहीतर पोचली नसती. त्याबद्दल मी मामांची आभारी आहे आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. पण त्यांचे आभार मानायचं कारण एवढंच नाही.

त्या सोमवारच्या राउंडला डॉक्टरांनी मामांची फाईल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर तरुण, मदुरैकडचे, मराठीचं एक अक्षर येत नाही. “सिस्टर, मागच्या चार महिन्यांत पेशंट नेमका केव्हापासून घसरायला लागला? तुमच्या कागदात सगळीकडे ‘एक’च आहे.”

तेव्हा मामींनी पिशवीतून एक वही काढली. “हे लिहितात कीं. दर मंगळवारी, फोन झाला कीं लगेच. मज वाचायला देत नाहीत.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. रोजनिशी ठेवणारा पेशंट म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरीच. वही तमिळ अक्षरांत होती. आमच्यातल्या बहुतेकांना नागरी येत नाही. मराठी तमिळ अक्षरांत लिहितात. त्यामुळे डॉक्टरांना ती वाचता येत होती, फक्त समजत नव्हती. आणि तमिळमध्ये क-घ आणि प-ब यांना अक्षर एकेकच.

“मंगळवार,” डॉक्टर मोठ्याने वाचू लागले. “सिस्टर. कसा पसला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे काय?”

मी वाकून बघितलं. कसा पसला नव्हे. घसा बसला. सिस्टरचा घसा बसला.

“पुढे वाचू?” डॉक्टर म्हणाले. “आवाज, तीन. काई, चार. काप्पी...”

मी त्यांच्या हातातून वही जवळजवळ ओढून घेतली.

पानामागून पानं. प्रत्येक मंगळवारी आठ ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एक ते पाचमधला आकडा. आवाज. घाई. हसणं. जेवण. मध्ये थांबणं. मागच्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, माझी आई गेली. दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं, पेशंटांना मी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच नव्हतं. मी चौथ्या दिवशी कामावर आले होते. त्या आठवड्यापुढे मामांनी लिहिलं होतं: ‘झोपेचा प्रश्न विचारताना थांबली. झोप नसेल. पाच.’ पुढच्या मंगळवारी: ‘झोपेला पुन्हा थांबली. पाच.’ सात आठवडे पाच. मग चार. दिवाळीच्या सुमारास: ‘रुक्कुच्या बोलण्याला हसली. दोन.’

आणि अधूनमधून, आकड्यांच्या खाली, बारीक अक्षरांत: ‘आज थकलेली. न्हाणीघरापर्यंत दम लागतो ते सांगितलं नाही. पुढल्या मंगळवारी सांगू.’ असं चार वेळा होतं. चारही वेळा पुढल्या मंगळवारी मी थकलेलीच असणार, कारण ते कुठेच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरांना हवं होतं तेही वहीत होतं. घसरण कार्तिकातच सुरू झाली होती.

“काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “लक्षणं लिहिलीत?”

“हो,” मी म्हटलं. “दोन पेशंटांची आहेत. तुमच्या पेशंटचं मी वेगळं काढून देते.”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी कॅन्टीनमध्ये गेले, दोन इडल्या खाल्ल्या, काप्पी प्यायले आणि परत आले. मामांच्या खाटेजवळ एरवी मी उभी असते. त्या दिवशी स्टूल ओढलं आणि बसले. कागद मांडीवर घेतला. मामी उशीशी बसून मोसंबी सोलत होत्या.

“मामा,” मी म्हटलं, “मी जेवून आले आहे. रात्री सहा तास झोपले. आता सांगा. दम किती?”

मास्कच्या वरून मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, भांड्याचं झाकण उघडून आत बघावं तसे. मग चादरीखालून हात काढला आणि चार बोटं वर केली.

मी चार लिहिले.